साठवलेली झोप

बाबा, आज सुट्टी म्हणून मी उन्हं पार स्वयंपाकघरात येईपर्यंत झोपले. उठले ती डोकं जड, तोंड कडू, आणि घरात चिडायलाही कोणी नाही. एवढं झोपूनही माणूस असा मलूल का होतो, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारणार?

भैंसा गावच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, तुम्ही फिटर होतात. कापसाचा हंगाम सुरू झाला की घरी नुसते जेवायला आणि पाठ टेकायला यायचात. मशीन अडलं की ताटावरूनही उठून जायचात. म्हणून दिवाळीआधी तुम्ही झोप साठवायला लागायचात, कणगीत ज्वारी भरावी तशी. गिरणीतले सगळेच तसं करायचे. हंगाम संपला की राहिलेली झोप वसूल करायला अख्खा उन्हाळा. आई खिडकीला ओलं पोतं लावायची, बर्फवाल्याला कोपऱ्यावरूनच परत पाठवायची, आणि मी आपल्याच घरात चवड्यांवर चालायची. मला एवढंच कळत होतं की तुम्ही कामावर असताना मला मिळत नाही आणि घरी असतानाही मिळत नाही. शाळेत सरांनी सांगितलं, झोप साठवता येत नाही, गरजेपेक्षा जास्त झाली तर अंग उलट जड होतं. मी धावत येऊन तुम्हाला उठवून ते ऐकवलं. शाळेतलं शाळेत ठेवत जा, असं म्हणून तुम्ही कूस बदललीत. मला इतका राग आला की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंही नाही.

मग तो मे महिन्यातला दिवस. जेवून झोपलेले तुम्ही दिवेलागणीला दचकून उठता. उशीर झाला म्हणून आईवर खेकसता, कडुलिंबाच्या काडीने दात घासता, खाकी शर्ट चढवून निघता. आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून हसत सुटते. मी तुमच्यामागे पळते. गिरणीच्या फाटकाला कुलूप आहे, आत बकऱ्या बसल्या आहेत, आणि तुम्ही त्या कुलपाकडे बघत उभे आहात.

"बाबा, सांज हाय ही. सकाळ नाई."

तुम्ही वळून माझ्याकडे बघता. बराच वेळ बघता.

"तू एवढी मोठी कवा झाली वं?"

मला एकदम रडू आलं. परत येताना तुम्ही म्हणालात, "उद्यापासून मले जास्त झोपू देऊ नको. सावली भिंतीवर आली का उठव." मी रोज उठवायला लागले. आई रुसली, दमलेल्या माणसाला ही पोरगी सुखानं झोपू देत नाही, म्हणायची. पण तुम्ही उठायचात, तोंड धुऊन मला घेऊन बसस्टँडवर जायचात, निर्मल गावाला जाणारी बस येईपर्यंत आपण बाकावर बसायचो. असे दोन उन्हाळे मिळाले. तिसरा यायच्या आधीच तुम्ही गेलात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. जागे असताना तुम्ही मशीनच्या रोलर आणि पट्ट्यांपलीकडे काही बोलत नव्हतात, आणि मला फार कंटाळा यायचा. एकदा तर मी उठवायला आले, तुमच्या उशाशी जरा उभी राहिले, आणि मनात म्हटलं, झोपू दे आज.