हळदीखालचा पट्टा

मु. पो. मढ, ता. जुन्नर

आदरणीय ज्ञानेश्वरराव व्याही यांस,

हौशीरामचा वाकून नमस्कार. (मी सहसा इतका वाकत नाही, हे आपण जाणताच.) आपली कंबर, मातोश्री लंकाबाईंचा खोकला आणि पेठची हवा कशी आहे ते कळवावे. इकडे खाचरं तुडुंब, तब्येती बऱ्या. पण घर सुनं. लेक समृद्धी पंचमीला माहेरी आली नाही. फोनवर म्हणाली, "दादा, आधी मामांजींना चिठ्ठी लिहा, मग मी येते." म्हणून हा कागद.

प्रथम वस्तुस्थिती. जीआय पाईपचे तीन वर्ग. ए हलका, त्याला पिवळा पट्टा. बी मध्यम, निळा. सी जड, लाल. बाहेरून तिन्ही सारखेच, फरक आतल्या जाडीत. (सव्वा इंची बी म्हणजे तीन पूर्णांक दोन मिलिमीटर. हे मला कुठल्या कॉलेजानं नव्हे, खोललेल्या पंपांनी शिकवलं.) आपल्या बोअरमध्ये पाईप सोडायच्या दिवशी मी अंगणात पाऊल ठेवलं आणि बीचे पैसे मोजून आणलेल्या बाराच्या बारा पाईपांवर पिवळा पट्टा दिसला. मग मी जे बोललो (तुमाला शेठनं गंडवलं, आन् तुमाला कळलंबी न्हाई) ते आपल्या सगळ्या भावकीसमोर बोललो, हेही वस्तुस्थितीतच धरावं. जाडी मोजायचं व्हर्नियर माझ्या खिशात होतं. काढलं नाही. डोळ्याला दिसतंय ते मोजायचं कशाला, असं वाटलं.

माझ्या हट्टापायी आपण पाईप पिकअपमध्ये भरून मंचरला शेठच्या दुकानात नेलेत. भंवरलालशेठनी खांद्यावरचा रुमाल ओला केला आणि पट्ट्यावर फिरवला. खाली निळा! तेच बारा पाईप घेऊन परत आलो, तर लंकाबाई दारातच उभ्या. "पावणं, हळद हाय ती. पानी टिकावं म्हनून सकाळी मीच लावली. रेघ आयतीच व्हती, तिच्यावरनंच बोट फिरवलं. इचारायचं तरी!" (तांत्रिकदृष्ट्या खुणेच्या पट्ट्यावर हळद लावणं चूकच, हे मी आजही म्हणेन.)

भावकी पोट धरून हसली. आपण हसला नाहीत. पानात आणखी एक मांडा वाढायला सांगितलात, बस. तो घास अजून उतरलेला नाही. येताना एसटीत व्हर्नियर उघडबंद करत बसलो होतो. ज्याची जाडी बाहेरून कळत नाही त्याला निदान हात तरी लावून बघावा, एवढी साधी गोष्ट मी इतरांना शिकवत आलो. माझ्या हिशेबी आपण सी क्लास.

आपला,
हौशीराम

ता. क. : वर माफी हा शब्द राहून गेला. माझं चुकलं. हे भावकीला वाचून दाखवलंत तरी चालेल. शेठनाही.

ता. क. दुसरा : आमच्या विहिरीवरचा जुना घेतलेला पाईप, जो मी अकरा वर्षं गावाला सी म्हणून दाखवतो, काल फुटला. त्याच्यावरचा लाल पट्टा सहज ओल्या फडक्यानं पुसला. (आमची सौ. रत्ना दर दसऱ्याला कुंकू लावते.) खाली पिवळा. तो घासघासून पाहिला, निघत नाही. तरी त्या बारांपैकी आपल्याकडे उरलेले दोन पाईप समृद्धीबरोबर पाठवावेत. मी मोजणार नाही. फक्त हळद लंकाबाईंच्या हातची लावलेली असावी.