नावाखाली काय लिहायचं

१६ एप्रिल, गुरुवार
श्रावस्तीला दोन्हीकडून होकार आला. नात माझी, बारावीचा पेपर देऊन महिना झाला. एक विद्यापीठ दिल्लीचं, एक बंगलोरचं. दोन्ही भल्ली मोठी. शिष्यवृत्ती दोन्हीकडे पूर्ण, म्हणून ती काळजी नाही. यापुढे दि., बं. आणि श्रा. एवढंच लिहीन, बोटं दुखतात. तिचा बाप, माझा मुलगा विलास, ऑफिसातून येताना दह्यात भिजवलेला गिला वडा घेऊन आला. बायकोने, शांताने, मला एकच दिला, पोटाचं कारण सांगून.
दि. मध्ये विषय आत्ताच पक्का. श्रा. ने तिथे अर्थशास्त्र लिहिलं होतं. बं. मध्ये दीड वर्ष काहीही शिका, मग विषय ठरवा. ३० तारखेपर्यंत एकाला हो म्हणायचं.
विचारलं, "बाई, तुही लाइन कोणती?"
"आबा, अजून मलेच माहीत नाही." आणि वरून हसते! दोन वडे खाऊन हसते.
मला आनंद झाला. भीतीही वाटली. दोन्ही एकदमच.

१८ एप्रिल, शनिवार
विहार समितीचे उके आले. बुद्धपौर्णिमेला श्रा. चा सत्कार. "पेंटरसाहेब, फ्लेक्स नाही लावत आमी. नातीचा बोर्ड तुमीच लिहा."
हात थरथरतो असं म्हणायला तोंड उघडलं, तर आतून शांता, "लिहितात, लिहितात!"
तर बोर्ड. वरती "हार्दिक अभिनंदन", मध्ये "कु. श्रावस्ती". खाली?
आयुष्यभर लोकांची नावं लिहिली. डॉक्टर, वकील, मास्तर. नाव लहान आणि खालची पदवी लांब, असंही किती वेळा झालं. नुसतं नाव फक्त किराणा दुकानावर लिहिलं असेल. नावाखाली रिकामं ठेवलं तर लोक म्हणतील पेंटरचा रंग संपला.
विलासला विचारलं. तो म्हणाला, "तिलेच विचारा." तिला विचारलं. ती म्हणाली, "थांबा ना आबा." थांबून थांबून डब्यातला इनॅमल रंग वाळून जाईल.

२० एप्रिल, सोमवार
श्रा. ला घेऊन अकोल्याला, सुनंदाकडे. मुलगी माझी, शाळेत मास्तरीण, घरातही मास्तरीण. ऊन असं की स्टेशनावरून ऑटोत बसलो तर सीट चटका देत होती.
सु. चं मत दि. "नाव आहे त्याचं. अर्थशास्त्र म्हणजे पक्कं काम. हे दुसरं काय? दीड वर्ष निरा फिरत राहाचं? बजारात भाजी घ्याले आली का तू?"
श्रा.: "आत्या, तू तर वांगी घ्यालेबी अर्धा तास लावतं. सारी दाबून पाहातं."
सु. चे यजमान इतके हसले की ताक सांडलं. सु. सुद्धा हसली, पण मत सोडलं नाही. मी सु. च्या बाजूने बोललो. श्रा. ने माझ्या ताटात भाकर वाढली.
परतताना मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी. तिथे विचारते, "आबा, तुमी पेंटर काहून झाले?"
"बापानं ब्रश देला हातात."
"आन् तुमाले काय व्हावं वाटे?"
हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. उतरायचं बडनेरा आलं तरी उत्तर शोधत होतो.

२१ एप्रिल, मंगळवार
सकाळपासून तेच. काय व्हावं वाटत होतं? सातवीत शाळा सुटली तेव्हा... नकाशे आवडायचे. शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्र काढायचं काम आलं की दोन दिवस जेवण सुचायचं नाही. कोकणाची किनार काढताना हात आपोआप हळू व्हायचा. आणि गाणं? नाही, गळा नव्हता. पण ढोलकी ऐकायला कुठेही जायचो.
शांताला सांगितलं.
"तुमाले? तुमाले तर निस्तं बसून च्या पेणं आवडे. त्याचं कालेज असतं तर पहिले आले असते."
दोघंही बराच वेळ हसलो. तिला विचारलं, तुले काय वाटे? म्हणाली, "कंडक्टर." मी बघतच राहिलो. एवढी वर्षं झाली लग्नाला. "साऱ्याइले उतरवून देलं असतं," म्हणाली, आणि वाटाणे सोलायला बसली.

२४ एप्रिल, शुक्रवार
मोठा गोंधळ.
समोरचे हवालदार, मिलिट्रीतून रिटायर झालेले, सकाळी कडक इस्त्रीत दारात. पाय आपटून सलाम. "जयभीम पेंटरसाहेब! आमची सारी नोकरी गेली पण हवालदाराच्या वर सरकलो नाही, आन् तुमची पोट्टी दुसऱ्या वर्षीच मेजर?"
कोण म्हणालं? विलास. काल कोपऱ्यावर बोलला म्हणे, बंगलोरला गेली तर दुसऱ्या वर्षी मेजर मिळते.
बंदूक, बर्फ, सरहद्द, सगळं डोळ्यासमोर. पोरीला साधा ताप आला तरी मी दोन दिवस जेवत नाही. हवालदारांना चहा दिला, त्यात साखर टाकायची राहिली.
श्रा. उठल्यावर विचारलं. तिला हसून उचकी लागली. पाणी पाजावं लागलं. मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणे. कॉलेजातला.
मग मीही हसलो, पण उशीर झाला होता. दुपारी भातकुलीहून साडूचा फोन, "पोरगी मिलिट्रीत चालली म्हनते? युनिफॉर्मातला फोटो पाठवा." संध्याकाळी दूधवाला. प्रत्येकाला समजावलं. हवालदारांना तीनदा समजावलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "समजलं. गुप्त ठेवाचं."

२६ एप्रिल, रविवार
श्रा. दोन दिवस खोलीतच. जेवण अर्धं. फोन हातात घेते, ठेवते. शांता म्हणाली, बोला तिच्याशी. मी काय बोलणार, सातवीवाला.
मन रमवायला बोर्ड काढला. रंगाआधी खडूने आखून बघतो, नेहमीची रीत. वरती अभिनंदन, मध्ये नाव. खाली, कोणाला न विचारता, "अर्थशास्त्र, दिल्ली" आखलं. अक्षर चांगलं बसलं. फार दिवसांनी हात साथ देत होता.
श्रा. मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
"आबा, लय सुंदर दिसून राहिलं."
"होय ना?"
"पण हे पोट्टी कोण आहे?"
थट्टा नव्हती. खरंच विचारत होती. डोळे भरले होते.
मी फडकं घेतलं आणि खालची ओळ पुसली. नाव राहिलं. ती खाली बसली, फरशीवरच, आणि खूप बोलली. गणित सुटत नाही म्हणून नाही, अर्थशास्त्र आवडत नाही असंही नाही, पण मानसशास्त्र पाहिलंच नाही, भूगर्भशास्त्र पाहिलं नाही, भाषा कशा बनतात ते पाहिलं नाही, न पाहता हो कसं म्हणू. आणि बं. ला जाऊन काहीच नाही सापडलं तर? बाबा काय म्हणतील? तुमी काय म्हणाल?
म्हणजे घाबरणं माझ्याकडूनच गेलं तिच्याकडे. नाक शांताचं घेतलं, हे माझं.
मी एवढंच बोललो, "बाई, 'ठरलं नाही' असं म्हणाची सोय आपल्या घरात कोनालेच नव्हती. मले नव्हती, तुह्या आजीले नव्हती, तुह्या बापाले नव्हती. ज्याच्या हाती जे पडलं ते केलं. तुले सोय भेटली तर वापर ना. लाजतं काहून?"
रात्री तिने तीन भाकरी खाल्ल्या. शांताने मोजल्या.

३० एप्रिल, गुरुवार
बं. ला हो कळवलं. सगळे तिच्यामागे उभे होतो, एक बटण दाबायला. दाबल्यावर काहीच झालं नाही, आवाज नाही, घंटी नाही. मी म्हटलं, झालं? झालं म्हणाली. मग विलासनेच टाळ्या वाजवल्या. सुनेने डोळे पुसले.
सु. चा फोन. आधी चिडली, मग दहा मिनिटांनी पुन्हा फोन, "तिथं थंडी असते का? गोधडी शिवून देतो."
माझी यादी वेगळी. पाणी बाधेल का. रोज भात खाऊन राहील का. रस्त्यात कानडीत कोणी काही विचारलं तर. मी तिला भरीस तर घातलं नाही ना. शांता म्हणते, "हे सारं जुलैत करा, आज गोड खा." गोड खाल्लं. काळजीही केली.

१ मे, शुक्रवार, बुद्धपौर्णिमा
विहारात जागा पुरली नाही, लोक पायऱ्यांवर. बोर्ड समोर. निळ्यावर पांढरं. नाव मोठं लिहिलं, इतकं मोठं मी कधी कोणाचं लिहिलं नसेल. खाली काही नाही. उके म्हणाले, "खालचं राहिलं का साहेब?" म्हटलं, नाही, पूर्ण आहे.
वंदना झाली, मग सत्कार. हवालदार माइकवर, "आपल्या वस्तीची भावी मेजर!" टाळ्या. शांताने कपाळाला हात लावला.
श्रा. उभी राहिली. "मी मेजर नाही होत. मी काय होनार, मले अजून माहीत नाही. ते पाहाले चालली." मग मागून एक म्हातारी बाई ओरडली, "पाह्य माय, बरोबर पाह्य! घाई करू नको!" आणि बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की पोरं खीर सोडून बघायला आली.
मी रडलो. उन्हाने डोळे चुरचुरतात असं सांगितलं. संध्याकाळी.

३ मे, रविवार
सकाळी चौकात दाढी करायला गेलो. खुर्चीत बसल्यावर कारागीर म्हणाला, "काका, नात काय शिकाले चालली?"
आरशात बघत म्हटलं, "अजून ठरलं नाही." आवाज थोडा मोठाच झाला. बाकावरच्या दोघांनी पेपर खाली केला.
"मंग मी घरी काय सांगू? बायको विचारते."
"हेच सांग."
ऐटीत निघालो. पण घरी येईपर्यंत मीच तिच्यासाठी चार विषय ठरवले आणि चारही मोडले. भूगर्भ म्हणजे जमिनीखाली उतरावं लागतं का? मानसशास्त्रवाल्यांना वेड्यांच्या दवाखान्यात राहावं लागतं का?
श्रा. ओट्यावर जाडं पुस्तक घेऊन बसली होती, पाय हलवत. विचारलं, कशाचं? "ताऱ्यांचं," म्हणाली.
हे तर यादीत नव्हतंच.