वॉल्टरचा क्रूस

मंगळ. ११ सप्टें. ८४
मंडळाचे गणपती झाल्यापासून वहीला हात लावला नाही. फार उशीर केला, माफ कर. पित्त होतं, आणि मन थाऱ्यावर नव्हतं.

गणपती इथे परदेशात, मुलाच्या घरामागच्या चर्चच्या हॉलमध्ये बसवले होते. चपला शोधताना जिन्याखाली काचेच्या कपाटात लाकडी क्रूस दिसला. त्यावर काळ्या रंगात हाताने लिहिलेलं नाव. नात रेणू म्हणाली, "आजोबा, वॉरमध्ये मेलेल्या सोल्जरच्या ग्रेव्हवर होता. फ्रॉम इटली." इटली म्हटल्यावर चपला राहिल्या, त्याच्याकडेच बघत बसलो. दादाही लढाईत तिथेच पडला.

आज एकटाच चालत जाऊन आलो. सुनेला सांगितलं नाही.

मंगळ. १८ सप्टें.
क्रूसासमोर एक म्हातारी खुर्ची घेऊन बसते. डोरोथीबाई. क्रूसावरचा वॉल्टर तिचा धाकटा भाऊ. भराभरा बोलते. बोलणं कळलं नाही तर मी मान हलवून 'येस' म्हणतो, सगळ्यांनाच म्हणतो.

मी म्हटलं, "माय ब्रदर. इटली. आर्मी." तिने माझा हात धरला. "क्रॉस?" "नो क्रॉस. फायर." पलटणीने तिकडेच अग्नी दिला, घरी नुसती तार. त्यावर ती काही बोलली, त्यातलं 'ॲट लीस्ट' तेवढं ओळखू आलं.

घरी रेणूला विचारलं. "ॲट लीस्ट म्हणजे, लाइक, निदान."

म्हणजे निदान माझ्या भावाला एवढं तरी आहे, असं म्हणाली असणार. वाईट मनाने नसेल. जेवण गेलं नाही.

सोम. २४ सप्टें. सर्वपित्री
सुनेला सुट्टी नाही म्हणून पान शनिवारीच उरकलं. वसंता म्हणाला, "बाबा, इथे कावळा कुठून आणू?" कावळे आहेत की, चांगले गलेलठ्ठ. याला वर बघायला वेळ नाही. आज दादाचा दिवस कोरडा.

थर्मासात कोमट पाणी, वाटीत तिळाचं तेल, जुन्या धोतराचं फडकं घेऊन चर्चमध्ये गेलो. कोणी नव्हतं. कपाटाला नुसती कडी. लाकडाला भेगा पडल्या आहेत, इतक्या वर्षांत कोणी आंघोळ घातली नसेल. देवांना घालतो तशी घातली. तेल लावलं. दादाचं नाव घेतलं, वॉल्टरचंही. फडकं काळं होत होतं. धूळ असेल म्हणून आणखी पुसलं. लाकूड कसं चकचकीत झालं.

मग चष्मा लावला.

मंगळ. २५ सप्टें.
गेलो नाही. आज तिचा यायचा दिवस. फोन वाजला की मी आतल्या खोलीत जातो. संध्याकाळी वसंताला सगळं सांगून टाकलं.

शुक्र. २८ सप्टें.
वसंताने चर्चमध्ये जाऊन सांगितलं. चर्चने मंडळाला दिवाळीला हॉल नाकारला. सूनबाई म्हणाली, "आम्हाला इथेच राहायचंय बाबा. तुम्ही जाल." मंडळाचा कुलकर्णी घरी आला, सोफ्यावर बसून म्हणतो, "काकांनी गोऱ्याचं श्राद्ध घातलं आणि जेवण आमचं गेलं!" वसंताही हसला.

मी म्हटलं, पेंटर आणून पुन्हा लिहून घेऊ. वसंता म्हणाला, "वॉल्टरच्या मित्राने खड्ड्याशेजारी बसून लिहिलं होतं ते. तो मित्रही मेला. आता कोणाकडून लिहून घेता?"

माझं परतीचं तिकीट बघतोय.

रवि. ७ ऑक्टो.
माफी मागायला गेलो. वसंता, रेणू, मी. डोरोथीबाईने जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच माझ्याकडे बघून हळू आवाजात काहीतरी विचारलं. रागावलेली वाटली नाही. मी हात जोडून मान हलवली. "येस. येस." तिने आतलं लाकडी दार लावून घेतलं.

गाडीत विचारलं, "रेणू, काय म्हणाली गं?"

"नथिंग, आजोबा."

वसंता म्हणाला, "सांग त्यांना. कळू दे."

रेणू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्या ब्रदरला क्रॉस नव्हता म्हणून तिच्या ब्रदरचं नाव पुसलं का, असं विचारलं. आणि तुम्ही येस म्हणालात."

"मग तू बोलली का नाहीस? नो म्हणायचंस!"

"मला काय माहीत, आजोबा?"

गुरु. १८ ऑक्टो.
डोरोथीबाईला कार्ड टाकून आठवडा झाला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'नो' लिहिलं, खाली माझं नाव. पुढचं इंग्रजी येत नाही. रेणूला लिही म्हटलं तर "होमवर्क आहे."

दिवाळी झाली की विमान. सूनबाईने बॅग काढून ठेवली आहे, वर्तमानपत्र अंथरून. रोज पत्राच्या पेटीत हात घालून बघतो. शेजारची बाई बघते, बघू दे.

फडकं काळं होत होतं तेव्हा मी थांबलो का नाही? धूळच वाटली होती मला. चष्मा खिशात होता. खिशातच होता, मग लावला का नाही... धूळच वाटली.

बाई, शिवी द्या, थुंका माझ्यावर. पण 'नो' वाचलंत एवढं कळवा. मी इथून जायच्या आत कळवा. लवकर.