चार भोकं, दोन चुकीची

४ फेब्रुवारी, मंगळवार
लातूरहून जोडचाकांचा संच आला. स्कूटीला मागं दोन्हीकडं लावायची जादा चाकं. डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेला. मैत्रिणीच्या तीनचाकीवर शिकून लायसन काढलं, आता माझी गाडी पायजे.
चाक धरणारी उजवी लोखंडी पट्टी बसली. डावीची चार भोकं. पुढची दोन बरोबर, मागची दोन जोंधळ्याच्या दाण्याएवढी सरकलेली. बोल्ट घुसतच न्हाई.
दुकानदाराला फोन केला. म्हणे, "ताई, सगळ्यांना बसतो. तुमचीच गाडी वाकडी असंल."
माझा पाय वाकडा हाय. गाडी न्हाई.

५ फेब्रु., बुध.
दादा आतून खुश. "परत पाठव. मी हाय की सोडायला."
हाय की! मुखेडात पंधरा वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करून राहिले. खेड्यातनं बोलावणं आलं तर आधी दादाची सवड. आता एका गावच्या बचत गटाच्या सहा मशिनी बंद हायत. बाया रोज फोन करून राहिल्या. दादाचं रोज "उद्या बघू".
पट्टी परत जाणार न्हाई.

६ फेब्रु.
घाई केली. जुन्या भोकाच्या काठावरच ड्रिल टेकवलं. बिट घसरून जुन्या भोकात शिरलं अन् मोडलं, तुकडा खाली पडला. चूक माझी.
दुपारी गॅरेजवाला आला. दादानंच धाडला असणार. "कानशीनं भोक लांबवा, झालं." लांबवलं की बोल्ट खेळणार, चाक हलणार. मी पडले की सगळे म्हणणार, सांगितलं होतं.
न्हाई लांबवत.

८ फेब्रु., शनि.
आधी चुकीचं भोक बुजवायचं. मग नवं.
पट्टी शिकंज्यात धरली. जुन्या भोकात टॅप फिरवून आटे पाडले. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. वैनीनं न सांगता मशिनच्या कुपीतनं तेल सोडलं. जाड बोल्ट कसून पिळला, दोन्हीकडं जरासा बाहेर ठेवून कापला, हातोडीनं ठोकून पसरवला, कानशीनं सपाट केला. दुसऱ्या भोकालाबी तेच. आता बोट फिरवलं तर कुठं होतं ते कळत न्हाई. दंड मात्र लई दुखून राहिला.
दादा दारातनं, "बायकांचं काम हाय का हे?"
वैनी म्हणाली, "मग तुमी करता का?"
लग्नाला बावीस वर्षं झाली. असं बोललेली पहिल्यांदा ऐकली.

९ फेब्रु., रवि.
पुढच्या दोन बोल्टांवर पट्टी गाडीला लावली. मागनं, गाडीच्याच भोकातनं, खिळ्यानं खूण ओढली. पट्टी काढून खुणेच्या मधोमध पंच ठोकला. आधी बारीक बिट, मग मधलं, मग पुरं. सावकाश, तेल सोडत. या बारीला बिट पळालं न्हाई.
दोन्ही बोल्ट बोटानं आत गेले. बोटानं! पान्यानं नुसतं आवळले.
अंगणात दहा फेऱ्या. एका वळणावर डावीकडं झुकले. चाकानं धरलं. उतरून बोल्ट बघितले. ढिले न्हाईत.

१० फेब्रु.
गल्लीतनं शाळेपर्यंत अन् परत. चारदा. लोक बघत होते. बघू देत.
दादाला सांगितलं, उद्या गटाच्या मशिनीला जाते.
"मोठ्या रस्त्यावर? ट्रक असतात."
"म्हणून तर लायसन काढलं."
जेवला न्हाई. त्याला भ्या वाटतं हे कळतं मला. मलाबी वाटतं. पण त्याचं भ्या मी किती वर्षं सांभाळू?

११ फेब्रु., मंगळ., सकाळ
हत्यारं पिशवीत, कुबडी बाजूला बांधली. बोल्ट पुन्हा तपासले.
दादानं मोटरसायकल फाटकात आडवी लावलीय. शेजारी उभा हाय. हलत न्हाई.
वैनी पदर खोचून आली अन् माझ्या मागच्या सीटवर बसली.
म्हणते, "वही ठेवा आता, वन्सं. हॉर्न वाजवा."