सोळानंतरची खोली

प्रिय अव्या,

शुक्रवारी आपल्या हॉस्टेलवाल्यांची बैठक आहे आणि हजेरी मलाच घ्यायची आहे. तू गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. या वेळी तुझ्याशी बोलल्याशिवाय ते मला जमणार नाही, म्हणून लिहितोय.

आठवतं, अल मुंतझातल्या तुझ्या फ्लॅटवर आपण चौघंच होतो? कतारला फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद मिळाल्याची बातमी नुकतीच आली होती. तू रेक्टरांच्या आवाजात खोल्यांचे नंबर पुकारलेस, आपण एकेक जण 'हजर' म्हणालो, आणि कॉलेजची दोहा शाखा सुरू झाली. पुढे मेट्रोची, स्टेडियमची कामं निघाली आणि हॉस्टेलचं कुणी ना कुणी इथे उतरतच राहिलं. आता आपण कुणाच्याच घरात मावत नाही, हॉल घ्यावा लागतो.

तुझी खोली सतरा. "हजर, पण उपाशी!" असं ओरडायचास. मी सोळापर्यंत येतो आणि थांबतो. त्या शांततेत तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो. मागच्या वेळी तर मी दाराकडे वळून पाहिलं.

छातीत जळजळत असताना 'ॲसिडिटी आहे' म्हणत साइटवर कशाला गेलास रे?

परवा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही थांबलात की सगळे माझ्याकडे बघतात. मी उठून आत जाते, ती काही बिर्याणी बघायला नाही."

"मग नंबर गाळू का?"

"गाळू नका. पण असं थांबूही नका. नाहीतर मी यायचीच नाही."

मी त्या थांबण्याला तुझा मान समजत होतो. खरंच तुझा मान होता तो, की माझी भीती?

कौस्तुभ नावाचा नवा इंजिनिअर आलाय, इथल्या वेस्ट बे भागात नोकरीला. आपल्यानंतर वीसेक वर्षांनी तोही सतरातच राहिला. "सर, सतराला मी हजर म्हटलं तर चालेल?"

"आधी सर म्हणणं बंद कर," म्हणत मी उत्तर टाळलं. मग वहिनींना विचारलं.

"अहो, खोली काय त्यांनी विकत घेतली होती?" म्हणाल्या, आणि हसल्या. पुष्कळ दिवसांनी.

तेव्हा शब्द देतो. शुक्रवारी सोळानंतर सतरा म्हणेन. कौस्तुभच्या आधी तुझा आवाज आला, तरी दाराकडे बघणार नाही. वहिनींकडेही नाही. पुढची खोली माझी. तिचाही नंबर पुकारेन, आणि मीच 'हजर' म्हणेन.

तुझा शेजारी,
शेखर