बोलक्या पुस्तकांचा विभाग

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण ग्रंथालयाला शंभर वर्षं होताहेत आणि त्याचा इतिहास लिहायचं लचांड साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं आहे.

किराणा दुकानाच्या माळ्यावर दोन कपाटं, एवढ्यावर सुरुवात झाली म्हणे. आता वाचनकक्ष, बालविभाग, आजाऱ्यांना घरपोच पुस्तकं, सगळं आहे. फक्त कामाला माणसं नाहीत. देवघेवीच्या खिडकीवर मीच आणि इतिहासकारही मीच. संध्याकाळी पाय इतके सुजतात की चपलाही नकोशा होतात.

सगळे विभाग लिहून झाले, अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांचा तेवढा राहिला. तो विभाग म्हणजे आपली आईच. त्या कोंदट खोलीत बसून किती पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली तिने! परवा एक अंध पेन्शनर खिडकीशी आले. "बाई, ती कादंबरी निम्म्यातच थांबलीय हो. आईंना म्हणावं, खून कुणी केला तेवढं तरी सांगा!" मी हसले आणि "सांगते" म्हणाले. थापा मारण्यात मी आता तरबेज झाले आहे.

तुझ्या पत्रातलं एक मात्र डोक्यातून जात नाही. "दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आईने उचलला, माझा आवाज ऐकला आणि मिठाची गुळणी धरली. माझं लग्न तिला अजून पचत नसेल, तर यापुढे मी फोन करणार नाही."

अरे वेड्या, तो राग नव्हता. उन्हाळ्यात तिला झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. तुला कळवायला निघाले की माझा हात धरून मान हलवायची, नको. बरी होऊन स्वतःच्या तोंडाने तुला बोलवायचं असावं. मीही वाट पाहिली. आता डॉक्टर आशा ठेवू नका म्हणतात, आणि माझ्यानेही हे एकटीने ओढवत नाही रे.

तू फोन ठेवलास तरी ती रिसीव्हर कानाला लावून बसली होती. काढून घ्यायला गेले, तर डोळे वटारले. फोन तुझा होता हे मला तुझ्या पत्रावरूनच कळलं.

ये. लगेच जमत नसेल तर फोन कर. बायकोलाही बोलू दे. काय जेवलात, घराला रंग कुठला दिलात, काहीही सांगा. उत्तरासाठी थांबू नका. आणि ती ठेवेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझी,
दमलेली ताई