बादलीतली ट्यूब

गुढियारी, रायपूर

प्रिय राकेश,
सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मावशी कोणत्या जमान्यात राहते म्हणून हसशील. हस. निदान पाकीट न फोडता टाकून तर देणार नाहीस. जयंतीला तू नागपूरहून आला होतास आणि आमच्या दारावरून जावं लागू नये म्हणून पार मालधक्क्याकडून फिरून घरी गेलास, हे मला कोपऱ्यावरच्या भैय्यालालने सांगितलं. आपला पारा म्हणजे चार गल्ल्यांची वस्ती, इथे कोणाचं काय लपतं? मला राग आला नाही, वाईट वाटलं.

घरी तसं बरं आहे. दीक्षाला उरला भागातल्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरी लागली. स्कूटीने जाते. ती घरी येईपर्यंत मी गॅसवर काही ठेवत नाही, लक्ष रस्त्याकडे असतं, हमखास करपतं. तुझे काका रेल्वेतून रिटायर झाले आणि आता दिवसभर व्हरांड्यात बसून असतात. माझ्या यशदीपला जाऊन तीन वर्षं झाली, तरी कधी कधी पहाटे व्हरांड्यात सायकलमध्ये हवा भरायच्या पंपाचा आवाज येतो. उठून बघते तर कोणी नसतं. मला वेड लागलं म्हणतील म्हणून मी गप्प होते. एक दिवस काकांनीच विचारलं, 'तुले बी आयकू आला का?' त्या सकाळी आम्ही चहासुद्धा केला नाही.

तुम्ही दोघं दर रविवारी सायकली घेऊन निघायचात, त्याची तयारी शनिवारीच सुरू व्हायची. जादा ट्यूबला तो माझी घामोळ्यांची पावडर फासायचा, घडी बदलून गुंडाळायचा, जुन्या मोज्यात घालायचा आणि पान्यापासून वेगळी ठेवायचा. मी ओरडायची, अरे पोट्ट्या, तान्ह्या लेकराचंही कोणी एवढं करत नाही. तो म्हणायचा, घासून घासून रबर पिशवीतच मरतं, आई. आणि तू? तू आपली ट्यूब पाना, किल्ल्या, शेंगदाण्याची पुडी, सगळ्यांबरोबर कोंबायचास. त्या रविवारी बीरगांवच्या पुढे तुझं चाक पंक्चर झालं, आणि जादा ट्यूब काढली तर तिला आधीच भोक. यशदीपने त्याच्याजवळची तुला दिली. तुला ड्यूटी होती, तू पुढे निघून आलास. तो मागाहून येणार होता.

तो रस्त्याच्या कडेला सापडला. मागच्या चाकात हवा नव्हती. ट्रक कोणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. लोक म्हणाले, पंक्चर झालं असेल, ट्यूब नव्हती, बिचारा सायकल ढकलत पायी येत असेल. तूही तेच मानलंस. आणि काकांनी चारचौघांत तुला म्हटलं, 'तू त्याची ट्यूब नेली नसती, त आज पोरगा घरी असता.' त्यानंतर तू आमच्याकडे पाऊल ठेवलं नाहीस.

मागच्या आठवड्यात केस बंद झाली आणि पोलीस ठाण्यातून त्याची सीटखालची पिशवी परत मिळाली. दीक्षाने उघडली. आत पाना, पंप, आणि मोज्यात गुंडाळलेली आणखी एक ट्यूब. पावडरीचा वास आला आणि मी तो मोजा पदरात घेतला. दीक्षा रडत म्हणाली, 'भैया हमेशा दो रखता था मम्मी. एक राकेश भैया की. उसको पता था, उनकी तो फटी ही निकलेगी.' म्हणजे तुला दिली ती तुझ्याच वाट्याची होती, बाळा. त्याची त्याच्यापाशी होती. आम्ही तिच्यात हवा भरली, बादलीत बुडवून गोल गोल फिरवली. एक बुडबुडा आला नाही. पंक्चर झालंच असतं तर त्याने तिथेच बसून ट्यूब बदलली असती, पायी कशाला निघाला असता? तो सायकलवरच होता, राकेश. घरी येत होता. चाकातली हवा ट्रकने काढली.

मला वाटलं, काका आता मोकळे होतील. पण ते रोज सकाळी बादली भरतात, ट्यूब बुडवतात आणि पाण्याकडे बघत बसतात. 'थांब, बुडबुडा येईन,' म्हणतात. राकेशला कळवते म्हटलं तर म्हणाले, 'नोको लिहू. मंग आपल्यापाशी काय राह्यते?' ट्रकवाल्याला चेहरा नव्हता, तुला होता. तीन वर्षं ते तुझ्यावरच्या रागाला धरून उभे आहेत. तो सोडला तर पडतील, अशी मलाही भीती वाटते.

परवा विहारात तुझी आई कलावती भेटली. ती सांगत होती, तू सायकल विकलीस, पण ऑफिसच्या बॅगेत अजून एक ट्यूब घेऊन फिरतोस, पावडर लावून, मोज्यात. जेवणाच्या डब्याशेजारी. मला रात्रभर तेच दिसत राहिलं.

आज सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा काका बादलीपाशीच होते, पण पाण्याकडे बघत नव्हते. त्यांच्या हातात माझा गोधडी शिवायचा दाभण होता. मला पाहून त्यांनी तो मांडीखाली सरकवला. ट्यूब उचलली, पुसली, पुन्हा एकदा पाण्यात धरून पाहिली. आज नाही तर उद्या ते भोक पाडतील आणि बुडबुडे दाखवून मला म्हणतील, बघ, होतं ना. आणि मी हो म्हणेन. मला त्यांच्याबरोबर याच घरात दिवस काढायचे आहेत. म्हणून तुला आजच लिहिते आहे. उद्या मी काहीही म्हटलं तरी माझं हे आजचं खरं मान. ट्यूबला भोक नव्हतं.

तुझीच,
अंजना मावशी